तबल्यासारखा वाजणारा पंख

डोपचा, म्हणजे कापड ताणून घट्ट करणाऱ्या द्रवाचा, पहिला हात दिला की बाल्साच्या हलक्या लाकडाच्या फासळ्यांवर मढवलेलं रेशीम सैल पडतं. दोन फासळ्यांच्या मधे ते झोळीसारखं लोंबतं आणि पहिल्यांदाच मॉडेल विमान करणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. अशा वेळी हात लावायचा नसतो. द्रावक उडून जाऊ लागला की झोळी वर उचलली जाते, सुरकुत्या विरतात, आणि तिसऱ्या हातानंतर टिचकी मारली तर पंख तबल्याच्या पुडीसारखा वाजतो. इतके पंख मढवून झाले, तरी त्या आवाजासाठी मी अजून थांबतो.

डोपला आपण सवयीने रंग म्हणतो, पण खरं तर तो विमानाच्या बांधणीचाच भाग आहे. कापसातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की सेल्युलोज नायट्रेट मिळतं. ते द्रावकात विरघळवलं की झाला नायट्रेट डोप. नेलपॉलिशमध्येही मुख्य पदार्थ हाच असतो. डोपच्या डब्याला अनेकदा पिकलेल्या केळ्यांसारखा वास येतो तो अमिल ॲसिटेट या द्रावकाचा.

ब्रशवर येणाऱ्या द्रवात घन पदार्थ थोडा आणि द्रावकच जास्त असतो. द्रावक उडून जातो तसे सेल्युलोजचे लांबलचक रेणू एकमेकांजवळ सरकतात आणि पापुद्रा आक्रसू लागतो. जाडीत आक्रसायला त्याला कुणी अडवत नाही. पण आडव्या दिशेने तो धाग्यांना घट्ट चिकटलेला असतो, त्यामुळे धाग्यांनाही बरोबर ओढतो. असं दर दोन धाग्यांच्या मधे होतं आणि सगळं कापड ताणलं जातं. ही ओढ इतकी असते की हलका पंख पिळवटू शकतो. म्हणून सुकेपर्यंत पंख सपाट फळीवर टाचण्यांनी किंवा वजनांनी दाबून ठेवायचा. ओढ जास्त वाटली तर डोपमध्ये एरंडेलाचे काही थेंब घालतात. तेलाचे रेणू सेल्युलोजच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना थोडं सरकू देतात, त्यामुळे पापुद्रा लवचीक राहतो आणि तडकत नाही. सेल्युलॉइडमध्ये हेच काम कापूर करतो.

राइट बंधूंनी 1903 मध्ये किटी हॉकला उडवलेल्या विमानाच्या पंखांवर साधं, ब्लीच न केलेलं सुती मलमल होतं. त्यावर डोप नव्हता आणि रंगही नव्हता. कापडाचे धागे त्यांनी फासळ्यांना 45 अंशांत तिरपे लावले होते, म्हणजे कापडच सांगाड्याला आडवा-तिरपा आधार देई. पुढच्या काही वर्षांत कापड डोपने ताणायची रीत रुळली, पण नायट्रेट भडकन पेट घेतं. त्यावर उपाय म्हणून सेल्युलोज ॲसिटेटचे डोप आले. त्यातल्या काहींमध्ये टेट्राक्लोरोइथेन हा द्रावक असे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या विमान कारखान्यांत पंखांना डोप लावणाऱ्या कामगारांना त्याच्या वाफांनी कावीळ झाली आणि काहींचा जीवही गेला. त्यांत पुष्कळ स्त्रिया होत्या. जुन्या विमानांच्या सुंदर छायाचित्रांकडे बघताना मला त्या बायका आठवतातच. आज आपल्या डब्यात तो द्रावक नसला तरी खिडक्या सताड उघड्या हव्यात, पंखा वारा बाहेर फेकणारा हवा आणि जवळपास देव्हाऱ्यातला दिवासुद्धा नको.

आपल्याकडचा डोपचा मोठा शत्रू म्हणजे पावसाळा. एका जुलैत पाऊस थांबला म्हणून मी घाईने दीड मीटरच्या पंखाला पारदर्शक डोपचा हात दिला. दहा मिनिटांत आकाशी रेशमावर पातळ ताक सांडल्यासारखे पांढुरके ढग उमटले. पुसायला गेलो तर बोटाचे ठसे तेवढे राहिले. झालं असं होतं की द्रावक उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. ओल्या अंगाला वारा लागला की गार वाटतं, तसंच. दमट हवेत पृष्ठभाग थोडा जरी गार झाला तरी हवेतली वाफ त्यावर दव होऊन बसते. सेल्युलोज नायट्रेट पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते बारीक कणांच्या रूपात साकळतं. ते कण प्रकाश विखुरतात आणि पापुद्रा पांढरा दिसतो. नुसत्या रूपाचा प्रश्न असता तर चाललं असतं, पण असा भुसभुशीत पापुद्रा कमजोरही असतो. कोरडा दिवस बघून त्यावर सावकाश उडणारा द्रावक मिसळलेल्या थिनरचा हलका हात फिरवला. जुना थर पुन्हा विरघळला, पाणी आधी निघून गेलं, द्रावक मागाहून गेला, आणि आकाशी रंग परत आला.

आता रंगाकडे वळू. इथेच बहुतेकांचा तोल सुटतो आणि मग विमानाचाही सुटतो. पंख 1.5 मीटर लांब आणि 25 सेंटिमीटर रुंद धरला तर वरची-खालची बाजू मिळून 0.75 चौरस मीटर भरते. सुकल्यावर 10 मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ थर उरला, तरी त्याचं वजन सुमारे 10 ग्रॅम होतं. चार हात दिले की नुसत्या पंखावर 40 ग्रॅम चढले. शेपटीवरचं वजन तर आणखी महाग पडतं. शेपटी गुरुत्वमध्यापासून 60 सेंटिमीटर मागे आणि नाक 20 सेंटिमीटर पुढे असेल, तर शेपटीवरच्या 10 ग्रॅम रंगासाठी नाकात 30 ग्रॅम शिसं घालावं लागतं. शेपटीला मी फार तर दोन पातळ हात देतो आणि नक्षीकामाची हौस पंखावर भागवतो. विमान वळवणाऱ्या, पंख-शेपटीच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांनाही हेच लागू. बिजागरीच्या मागे वजन वाढलं की वेगात त्या पट्ट्या फडफडू लागतात आणि विमान हवेतच मोडू शकतं.

रंगाची निवडही वजनावर ठरावी, असं माझं ठाम मत आहे. पिवळा आणि लाल फारसे झाकत नाहीत. त्यांच्याखाली पांढरा द्यावा लागतो, आणि पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या चौपट जड असतं. चंदेरी डोपचं गणित वेगळंच आहे. त्यातल्या ॲल्युमिनियमच्या चपट्या चकत्या सुकताना माशाच्या खवल्यांसारख्या एकमेकींवर आडव्या पडतात, म्हणून एकाच पातळ थरात कापड झाकलं जातं. खऱ्या विमानांवर याच खवल्यांनी अतिनील किरणं अडवून कापड टिकवलं. त्याआधी 1916 च्या सुमारास ब्रिटिश विमानांवर हे काम पीसी-10 नावाचा मातकट रंग करत असे. त्यात लोहाच्या ऑक्साइडची पिवळी माती आणि काजळी असे, आणि तो मुळात उन्हापासून लिनन वाचवण्यासाठी होता. जे. आर. डी. टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून जुहूला टपाल आणलं ते पस मॉथ विमानही असंच कापडाने मढवलेलं होतं.

मिथेनॉलच्या इंधनावर चालणारं इंजिन असेल तर नायट्रेटवर ब्युटिरेट या सेल्युलोजच्याच दुसऱ्या प्रकारच्या डोपचे हात द्यावेत, कारण इंधनाने नायट्रेट मऊ पडतं. क्रम उलटा करू नये. नायट्रेट लाकडाला आणि कापडाला छान धरतं, ब्युटिरेट तितकं धरत नाही. शिवाय ब्युटिरेट पुढे वर्षानुवर्षं आक्रसत राहतं, त्यामुळे नाजूक पंखांसाठी मी ते टाळतो. विजेची मोटर असेल तर हा प्रश्नच येत नाही. इस्त्रीने चिकटणाऱ्या पॉलिएस्टर कापडाला तर ताणायलाही डोप लागत नाही, उष्णतेनेच ते आक्रसतं. काम झटपट होतं हे खरं, पण रेशमाच्या विणीतून ऊन झिरपून आतल्या फासळ्या दिसतात, ते मात्र त्यात नाही.

डोपचं मला सगळ्यात आवडतं ते त्याचं दुरुस्तीला राजी असणं. त्याच्या साखळ्या सुकल्यावर एकमेकींशी रासायनिक बंधांनी जोडल्या जात नाहीत, नुसत्या गुंतून राहतात. म्हणून इनॅमल जे करू देत नाही ते डोप करू देतं. बाभळीच्या काट्याने पंख फाटला तर कडेचा जुना थर थिनरने ओला करायचा, रेशमाचा तुकडा बसवायचा आणि वरून डोप द्यायचा. जुना आणि नवा थर एकमेकांत विरघळून एक होतात. माझ्या एका ग्लायडरच्या डाव्या पंखावर अशी ठिगळं आहेत. त्यातलं सर्वांत जुनं ठिगळ आता प्रकाशासमोर तिरपं धरल्याशिवाय सापडत नाही, आणि त्याच्यावर टिचकी मारली तर आवाज शेजारच्या रेशमासारखाच येतो.