डॅशकॅमची बैठक

गाडीच्या पुढच्या काचेमागून समोरचा रस्ता सतत टिपत राहणारा कॅमेरा म्हणजे डॅशकॅम. तो ज्या आधारावर बसतो त्याला दुकानात माउंट म्हणतात. या नोंदीत त्याला बैठक म्हटले आहे. भारतात खासगी गाडीला डॅशकॅम बंधनकारक नाही, त्यामुळे तो कुठे आणि कसा बसवायचा हे बहुधा मालक आणि फिटिंग करणारा कारागीर मिळून ठरवतात. गिऱ्हाईक रिझोल्यूशनची बारकाईने चौकशी करते, बैठकीचा विषय मात्र निघतच नाही. ही चूक महागात पडते. समोरच्या गाडीचा नंबर चित्रात वाचता येणार की नाही, हे पुष्कळसे बैठकीवर अवलंबून असते.

नावात ‘डॅश’ असला तरी डॅशबोर्ड ही या कॅमेऱ्यासाठी सर्वांत वाईट जागा. तिथे बॉनेट चित्राचा मोठा भाग अडवते, डॅशबोर्डचे प्रतिबिंब काचेत उमटून चित्रावर चढते आणि ऊन थेट पडते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्याही पुढे तापतो. अशा उष्णतेत कॅमेऱ्यातली लिथियम बॅटरी फुगते. आपल्याकडे बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा वेगळा भाग, असलेलाच कॅमेरा घ्यावा, तो उष्णता जास्त सोसतो.

सक्शन कपची, म्हणजे काचेवर दाबून चिकटवायच्या रबरी वाटीची बैठक काढघाल करायला सोपी असते आणि भाड्याच्या गाडीत तीच सोयीची. पण उन्हाने रबर मऊ पडते, कडेने हवा शिरते आणि कॅमेरा खाली येतो, कधी नेमका चालत्या गाडीत. तिचा दांडा जितका लांब तितकी थरथर जास्त. खड्ड्यांच्या रस्त्यावर नंबरप्लेटची अक्षरे फाटल्यासारखी दिसतात. आरशाला पट्ट्याने बांधायचे कॅमेरेही मिळतात, मात्र त्यांच्या वजनाने आरसा हळूहळू कलतो. रोजच्या गाडीसाठी काचेला चिकटून बसणारी, आखूड, दुतर्फी टेपची बैठक सर्वांत भरवशाची.

जागा आरशामागची. भारतात चालक उजवीकडे बसतो, म्हणून कॅमेरा आरशाच्या किंचित डावीकडे ठेवला की चालकाच्या नजरेआड राहतो. परदेशी व्हिडिओ बघून बसवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, कारण अमेरिकेत बाजू उलटी असते. तिथे कॅलिफोर्नियाच्या कायद्याने काचेवरची जागाही मोजून दिली आहे : वरच्या मध्यभागी ५ इंचांचा चौरस, चालकाकडच्या खालच्या कोपऱ्यात ५ इंचांचा आणि पलीकडच्या कोपऱ्यात ७ इंचांचा.

भिंग वायपरच्या टापूतच हवे, नाहीतर पावसाळाभर चित्रात नुसते ओघळ दिसतात. तो टापू शोधायची सोपी रीत अशी : धुळकट काचेवर पाणी मारून वायपर एकदाच फिरवावा. जी स्वच्छ कमान उमटते, तिच्या आत, शक्य तितके वर, भिंग यावे. काचेच्या वरच्या कडेला काळ्या ठिपक्यांची पट्टी असते. तिच्यावर टेप नीट धरत नाही. फास्टॅगही सहसा आरशामागेच असतो, त्याच्यावर कॅमेरा येऊ देऊ नये. गाडीला स्वतःचा सुरक्षा-कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल, तर तो झाकला जाणार नाही हेही पाहावे.

टेप लावण्याआधी काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करतात, मग बैठक अर्धा मिनिट घट्ट दाबून धरतात. चांगली ॲक्रिलिक फोम टेप खोलीच्या तापमानाला २४ तासांत सुमारे ९० टक्के पकड घेते, पूर्ण पकडीला ७२ तास लागतात. म्हणून बैठक आज चिकटवून कॅमेरा उद्या अडकवणे शहाणपणाचे. चित्राची चौकट ठरवताना क्षितिज मध्यावर आणि तळाशी बॉनेटची बारीक पट्टी ठेवतात. आकाश जास्त आले की रस्ता काळवंडतो.

वायर छताच्या अस्तरात खोचून, कडेच्या खांबातून फ्यूज बॉक्सपर्यंत नेतात. त्या खांबात पडदा एअरबॅग, म्हणजे धडकेत खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागून गेली पाहिजे. पुढून गेलेली वायर एअरबॅग उघडताना आड येते. फिटिंग होत असताना मालकाने जवळ उभे राहून एवढे तरी पाहावेच.

जुनी बैठक ओढून काढू नये. हेअर ड्रायरने टेप कोमट करून मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा फिरवला, की ती काचेवर ओरखडा न उमटवता सुटते.