गाडी तापून राहिली? रेडिएटर खोलायच्या आधी ती बारकी नळी बघा

एप्रिल लागला की आपल्याकडे जुन्या पेट्रोल अँबॅसिडरवाल्यांचं एकच रडगाणं, गाडी तापून राहिली. मग मिस्तरी रेडिएटर काढतो, थर्मोस्टॅट काढून फेकतो, वॉटर पंप बदलतो, आणि वरुडहून निघालेली गाडी मोर्शीच्या अलीकडेच परत वाफा सोडते.

रेडिएटरची बाजू पण समजून घ्या बरं. पाणी ९० डिग्री आणि बाहेरची हवा २० असली की मधे ७० डिग्रीचा फरक असतो, तीच हवा ४५ झाली की फरक उरतो ४५, म्हणजे तोच रेडिएटर डिसेंबरच्या जेमतेम दोन तृतीयांश उष्णता बाहेर टाकतो. नागपूरला २३ मे २०१३ ला ४७.९ नोंदलंय, तिथं त्या बिचाऱ्यानं काय करावं. तर इंजिननं फुकटची उष्णता तयार केली तर हिवाळ्यात ती खपून जाते, उन्हाळ्यात उघडी पडते. आणि ही फुकटची उष्णता बऱ्याचदा टायमिंगमधून, म्हणजे स्पार्क कधी पडतो त्यातून येते, खास करून डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला वेळेवर स्पार्क वाटणाऱ्या यंत्राच्या) पोटाला चिकटलेल्या त्या गोल डबीतून आणि तिच्यापासून कार्बोरेटरला जाणाऱ्या बारक्या नळीतून, जिला बघून अर्धे मिस्तरी म्हणतात, "भाऊ, हिचं काही काम नाही राहत, बुच मारून टाकतो."

काम राहते. लै मोठं राहते.

स्पार्क पडला की सिलिंडरमधलं मिश्रण एकदम फुटत नाही, जळत जातं, त्याला साधारण दोन-तीन मिलीसेकंद लागतात. आणि सगळ्यात जास्त प्रेशर पाहिजे ते पिस्टन वरच्या टोकाहून खाली निघाल्यावर, क्रँक (पिस्टननं फिरणारा इंजिनचा दांडा) १५ डिग्रीच्या आसपास पुढे गेलेला असताना. आता उलटा हिशोब करा, ३००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० चक्कर मारतो म्हणजे एका मिलीसेकंदात १८ डिग्री, आणि ८०० च्या स्लो रेसवर (अॅक्सिलेटर न दाबता) पाचही नाही. म्हणून स्पार्क पिस्टन वर पोचायच्या आधीच पाडावा लागतो आणि रेस वाढली की आणखी आधी, यालाच अॅडव्हान्स म्हणतात. फार लवकर पडला तर वर चढणाऱ्या पिस्टनलाच प्रेशर आडवं येतं आणि गाडी खडखड नॉक करते. उशिरा पडला तर आवाज काही येत नाही, म्हणून कोणाला कळत नाही, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत जळणं चालूच असतं, ती आग हेडमधून आणि एक्झॉस्टच्या वाटेनं जाते, हेडभोवतीचं पाणी तापतं, पिकअप जातो, एव्हरेज पडतो.

फोर्डच्या मॉडेल टी मध्ये, १९०८ ते १९२७ ची ती गाडी, हा सगळा उद्योग ड्रायव्हरच करायचा, स्टिअरिंगखाली डाव्या हाताला त्यासाठी वेगळी दांडी होती. चढ आला की स्पार्क मागे, सपाटी आली की पुढे. नंतर हे काम डिस्ट्रिब्युटरनं स्वतः उचललं, आणि तिथं एक नाही, तीन टायमिंग आहेत. पहिलं बेस टायमिंग, बॉडी फिरवून बसवतो ते. दुसरं आतल्या वजनांचं, रेस वाढली की वजनं बाहेर फेकली जातात आणि कॅमला पुढे ढकलतात. तिसरं व्हॅक्यूमचं, म्हणजे इंजिनच्या हवेच्या ओढीचं. बॉडी फिरवून फक्त पहिलं सुधरते, बाकी दोन बिघडलेले असले तर तुम्ही दिवसभर बॉडी फिरवत बसा, स्लो रेसला जमलं तर रोडवर बिघडेल, रोडवर जमवलं तर घाटात नॉक करेल.

तिसऱ्याची गोष्ट खरी मजेची आहे. सपाट रोडवर साठच्या स्पीडनं चाललात तर थ्रॉटल (अॅक्सिलेटरनं उघडणारी कार्बोरेटरची झडप) थोडंसंच उघडं असतं, सिलिंडरमध्ये माल कमी आणि विरळ जातो. गव्हाचं काड पेटवून पाहिलं असेल त्याला माहीत आहे, दाट असलं तिथं जाळ धावतो, विरळ असलं तिथं रेंगाळतो. तसंच हे, विरळ मिश्रण हळू जळतं म्हणून त्याला आणखी लवकर पेटवावं लागतं, वजनांच्या अॅडव्हान्सवर वरून दहा-पंधरा डिग्री. पण वजनांना फक्त रेस कळते, लोड म्हणजे इंजिनवरचा भार कळत नाही. लोड कळतो व्हॅक्यूमला. थ्रॉटल अर्धवट असलं की कार्बोरेटरच्या खालच्या अंगाला ओढ जास्त, ती नळीतून डबीतला डायफ्राम खेचते, डायफ्राम सीबी पॉइंटची (उघडले की स्पार्क पडतो त्या स्विचची) प्लेट फिरवतो. अॅक्सिलेटर पूर्ण दाबला की ओढ संपते, प्लेट मागे येते, कारण आता माल दाट आहे, लवकर जळणार आहे, तेवढा अॅडव्हान्स राहिला तर नॉक होईल. एका रबराच्या पडद्यावर चालणारं एवढं हुशार यंत्र, आणि आपण त्याला बुच मारतो.

तपासायला पैसे लागत नाहीत. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, डबीला रबरी नळीचा स्वच्छ तुकडा लावून तोंडानं ओढा (कार्बोरेटरची नळी तोंडात घेऊ नका, पेट्रोल येईल) आणि जिभेनं भोक बंद करा. प्लेट फिरून तिथंच थांबली पाहिजे. परत आली तर डायफ्राम फाटला, आणि ओढ धरून राहिली तरी हललीच नाही तर प्लेट जाम झाली. आणखी एक लपलेला रोग, त्या हलत्या प्लेटला अर्थिंगची एक बारीक विणलेली वायर असते, वर्षानुवर्षं वाकून ती आतून तुटते. मग गाडी स्लो रेसला मस्त, अन् थ्रॉटल दिलं, प्लेट फिरली की मिसिंग, आणि सगळे मिळून कार्बोरेटर धूत बसतात.

वजनांसाठी रोटर (कॅपखालचा फिरता तुकडा) त्याच्या फिरायच्या दिशेनं हातानं मुरडून सोडा, झटकन मागे आला पाहिजे. आत दोन स्प्रिंग असतात, ल्युकासच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये बहुतेक एक बारीक आणि एक जाड, जाड स्प्रिंगचा टोकाचा हूक लांबट आणि ढिला. तो मुद्दाम ढिला ठेवलेला आहे, जास्त रेसवरच कामाला लागावा म्हणून. त्याला "खराब" समजून दोन्ही सारख्या बसवणारे मी पाहिले आहेत, देव त्यांचं भलं करो.

हे दोन्ही ठीक निघालं की मगच बेस टायमिंगला हात, आणि त्याच्याही आधी पॉइंटचा गॅप, फिलर गेजनं ०.३५ ते ०.४० मिमी. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात म्हणजे टायमिंग पुढे, पॉइंटची टाच झिजून गॅप कमी झाला की टायमिंग मागे, म्हणून टायमिंग लावून मग गॅप बसवणं म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. टायमिंग लाइट तालुक्याला मिळेल न मिळेल, १२ व्होल्टचा बल्ब पुरतो. एक वायर कॉइलहून (स्पार्कचं व्होल्टेज वाढवणाऱ्या डब्याहून) डिस्ट्रिब्युटरला येणाऱ्या टर्मिनलला, दुसरी इंजिनच्या लोखंडाला, कॉइलची जाडी वायर काढून अर्थ करून ठेवायची, प्लग काढून ठेवले तर इंजिन हलकं फिरतं. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनवर येऊ द्या, चावी ऑन करा, हँडलनं हळूहळू, चालायच्या दिशेनंच फिरवा, पुलीवरची खाच मॅन्युअलमधल्या डिग्रीवर आली की थांबा. बल्ब नेमका तिथं लागला पाहिजे. नाही लागला तर बॉडी ढिली करून फिरवा, रोटर फिरतो त्याच्या उलट फिरवली की स्पार्क लवकर, त्याच दिशेनं फिरवली की उशिरा. लाइट असेल तर स्लो रेसवर व्हॅक्यूमची नळी काढून, नळीचं तोंड बंद करून मगच बघायचं. खाच एका जागी न राहता नाचत असली तर शाफ्टचा बुश गेला, तिथं कोणतीच सेटिंग टिकत नाही.

आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) येतं, त्याचा ऑक्टेन, म्हणजे नॉक रोखायची ताकद, ९५ आहे, म्हणून काही जण टायमिंग आणखी पुढे घेतात. नॉक कमी होईल हे खरं, पण इथेनॉलमुळे जुन्या कार्बोरेटरला मिश्रण पातळ पडतं आणि जुनं रबर फुगतं, तेव्हा तीच बारकी नळी दोन्ही टोकांना दाबून बघत राहा.

शेवटची परीक्षा परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात. चार माणसं बसवा, तिसऱ्या गियरमध्ये अॅक्सिलेटर दाबा. पूर्ण दाबल्यावर खडखड आली तर व्हॅक्यूमला दोष देऊ नका, तेव्हा ते कामावरच नसतं, बेस नाहीतर वजनांचा अॅडव्हान्स जास्त आहे, एक-दोन डिग्री मागे घ्या. अर्ध्या थ्रॉटलवर आली तर थांबून नळी काढा, भोक बंद करा, आणि त्याच चढावर परत घ्या. आवाज गेला तर डबी चुकीच्या गाडीची बसवलेली आहे, भंगारच्या दुकानातून आणलेल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये हे हमखास होतं.