डेटा आधी की प्रश्न आधी? : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

व्यवसायाच्या नोंदी तपासून निर्णय घ्यायला मदत करणे हे आमचे काम. पहिल्या भेटीत बहुतेक ग्राहक आम्हाला सांगतात, ‘आमच्याकडे डेटा भरपूर साठला आहे, त्याचे काहीतरी करून द्या.’ त्यावर आम्ही विचारतो, ‘असा कोणता निर्णय आहे, जो तुम्हाला दर आठवड्याला घ्यावा लागतो आणि दर वेळी अंदाजानेच घ्यावा लागतो?’ जरा वेळ कोणी बोलत नाही. मग एखादा म्हणतो, ‘माल किती मागवायचा हेच उमगत नाही.’ दुसरा म्हणतो, ‘उधारी कोणाला द्यावी?’ आमचे काम तिथून सुरू होते. हे पत्रक वाचताना तुमचाही असा एखादा निर्णय मनाशी धरा आणि पुढचा मजकूर त्याच्याशी ताडून पाहा.

‘बिग डेटा’तले ‘बिग’ म्हणजे किती?

माहिती आवाक्याबाहेर जाणे ही काही इंटरनेटच्या काळातच आलेली अडचण नव्हे. अमेरिकेच्या १८८० च्या जनगणनेचे आकडे हाताने जुळवायला सुमारे आठ वर्षे गेली. तोवर पुढची जनगणना येऊन ठेपली. तेव्हा हर्मन हॉलरिथ या अभियंत्याने एक युक्ती काढली: प्रत्येक माणसाची माहिती जाड कागदी कार्डावर भोके पाडून नोंदवायची आणि ती भोके विजेच्या यंत्राने मोजायची. १८९० च्या जनगणनेची मोजणी या यंत्रांवर झाली. हॉलरिथची कंपनी पुढे इतर कंपन्यांबरोबर एकत्र झाली आणि त्या एकत्रित कंपनीने १९२४ मध्ये आयबीएम हे नाव घेतले. हाताशी असलेल्या साधनांना जी माहिती पेलत नाही ती ‘बिग’, असे आम्ही मानतो. ही व्याख्या त्या कार्डांनाही लागू पडते.

२००१ मध्ये डग लेनी या विश्लेषकाने या न पेलण्याची तीन अंगे मांडली: आकारमान, वेग आणि विविधता. चर्चा आकारमानाची फार होते. छोट्या व्यवसायाला मात्र विविधता छळते. बिले सॉफ्टवेअरमध्ये असतात, तक्रारी व्हॉट्सअ‍ॅपवर, पुरवठादारांचे दर कोणाच्या तरी वहीत आणि ग्राहकांच्या सवयी एखाद्या जुन्या कर्मचाऱ्याच्या डोक्यात. हे चार तुकडे एकमेकांशी जोडणे हेच आमचे निम्म्याहून अधिक काम असते.

आकारमानाची अडचण कशी सुटली तेही सांगतो, कारण त्यामागची कल्पना सुंदर आहे. गूगलच्या अभियंत्यांनी २००३ आणि २००४ मध्ये दोन शोधनिबंध प्रसिद्ध केले. एक अवाढव्य संगणक घेण्यापेक्षा फाइलींचे तुकडे शेकडो साध्या संगणकांवर विखरून ठेवायचे, प्रत्येकाने आपल्या तुकड्याचा हिशेब जागच्या जागी करायचा आणि शेवटी उत्तरे तेवढी एकत्र आणायची, असा त्यांचा गाभा. एखादा संगणक मध्येच बंद पडला तर त्याच तुकड्याची दुसरीकडे ठेवलेली प्रत कामाला येते. या कल्पनेवर आधारलेली हडूप ही सर्वांना मोफत वापरता येणारी प्रणाली २००६ मध्ये आकाराला आली. तिचे नाव डग कटिंग या तिच्या एका निर्मात्याच्या मुलाच्या खेळण्यातल्या हत्तीवरून ठेवले आहे.

तुम्हाला अशी प्रणाली लागेल का? साधा हिशेब करून पाहू. दिवसाला ५०० बिले आणि प्रत्येक बिलात १० ओळी धरल्या, तर वर्षाच्या ओळी होतात १८ लाख २५ हजार. साध्या लॅपटॉपवरचा डेटाबेस एवढ्या ओळींची बेरीज काही सेकंदांत करून देतो. ओळी-रकान्यांच्या तक्त्यांत माहिती मांडायची ही पद्धत संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये सुचवली आणि ती अजून पक्की टिकून आहे. तेव्हा कोणी तुम्हाला पहिल्याच दिवशी मोठी यंत्रणा विकू पाहत असेल, तर आधी ओळी मोजायला सांगा.

शून्य म्हणजे काय?

इथे आम्हाला सविस्तर लिहायचे आहे, कारण आमची स्वतःची मोठी चूक याच जागी झाली होती.

२६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील एका दुकानात च्युइंगमच्या पुडक्यावरचा बारकोड यंत्राने वाचला गेला. आज सगळीकडे दिसणाऱ्या त्या काळ्या पट्ट्यांचा विक्रीतला तो पहिला वापर. त्याआधी दिवसाअखेर गल्ल्यात किती पैसे जमले ते कळे. कोणती वस्तू किती वाजता गेली ते कळत नसे. बारकोडमुळे प्रत्येक वस्तूची विक्री वेगळी नोंदली जाऊ लागली आणि मागणीचा अंदाज बांधायला भक्कम आधार मिळाला.

अशाच नोंदींवरून आम्ही सुरुवातीच्या काळात एका ग्राहकाला पुढच्या महिन्याच्या मागणीचा अंदाज काढून दिला. गणित बरोबर होते, आलेखही नीट जुळत होते. पण त्यांची सर्वाधिक खपणारी वस्तू आमच्या अंदाजात खाली खाली जात होती. कारण शोधायला आम्हाला लाज वाटावी इतका वेळ लागला. ती वस्तू महिन्यातले बरेच दिवस संपलेली असायची. माल नाही म्हणून विक्री शून्य, आणि विक्री शून्य म्हणून आमचे गणित म्हणे, मागणी नाही. त्या सल्ल्यानुसार त्यांनी आणखी कमी माल मागवला असता, तर पुढच्या महिन्यात आणखी शून्ये दिसली असती आणि आमचा अंदाज खरा ठरल्यासारखा वाटला असता. चुकीचा अंदाज स्वतःला असा खरा करून दाखवतो, हे त्यात सर्वांत धोक्याचे.

हे लक्षात आणून दिले ते माल लावणाऱ्या एका कर्मचाऱ्याने. तो सहज म्हणाला, ‘त्या दिवशी तर फळी रिकामीच होती की.’ तेव्हापासून आम्ही विक्रीच्या नोंदीबरोबर साठ्याची नोंद मागतोच. माल संपलेले दिवस वेगळे काढतो आणि संपेपर्यंतच्या तासांत तो किती वेगाने जात होता त्यावरून मागणी बांधतो. तुमच्याकडे आज दुसरे काहीही सुरू करायचे नसेल, तरी एक रकाना नक्की वाढवा: वस्तू कधी संपली आणि पुन्हा कधी आली.

नोंदींतले घोटाळे याखेरीजही असतात. एकच ग्राहक तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी तीनदा नोंदलेला असतो. एकाने वजन किलोत लिहिलेले, दुसऱ्याने ग्रॅममध्ये. एककांच्या घोळाला क्षुल्लक समजू नका. १९९९ मध्ये नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ पोहोचून नष्ट झाले. जमिनीवरचे एक सॉफ्टवेअर ब्रिटिश एककांत आकडे देत होते आणि ते घेणारे सॉफ्टवेअर त्यांना मेट्रिक समजत होते. आकडे आपल्या जागी बरोबर होते, पण ते कशाचे आकडे आहेत हे सोबत लिहिलेले नव्हते. म्हणून आम्ही प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर त्याचे एकक लिहायला लावतो. काहींना तो हट्ट वाटतो, पण आम्ही तो सोडत नाही.

भरपूर उत्तरे, पण कोणाची?

१९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. २० लाखांहून अधिक परत आल्या. त्यांच्या आधारे साप्ताहिकाने रिपब्लिकन उमेदवार अल्फ लँडन जिंकणार असे सांगितले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्त्यांच्या याद्या बऱ्याचशा टेलिफोनधारक आणि मोटारमालकांच्या होत्या आणि मंदीच्या त्या वर्षांत या गोष्टी परवडणारे लोक वेगळेच होते. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणारेही सगळ्यांसारखे नव्हते. जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान पण नीट निवडलेल्या नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला.

तुमच्या ऑनलाइन अभिप्रायांचेही तसेच आहे. फार खूश झालेला लिहितो, फार चिडलेला लिहितो. अधलेमधले बहुसंख्य गप्प राहतात आणि जे नाराज होऊन निघून गेले त्यांचा तर पत्ताच नसतो. म्हणून ग्राहकांचे मन जाणून घ्यायचे असेल तेव्हा आम्ही आलेले अभिप्राय मोजत बसत नाही. यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी काही नावे काढून त्यांना फोन करायला सुचवतो, त्यातही गेले सहा महिने न फिरकलेल्यांना आधी.

कोणते काम कुठे उपयोगी पडते

यंत्रांची देखभाल हे आमच्या मते सर्वांत कमी गाजावाजा झालेले आणि सर्वांत खात्रीचे काम. मोटरची बेअरिंग खराब होऊ लागली की तिच्या कंपनांचा ठेका आधी बदलतो. कानाला आवाज येणे आणि हाताला ऊब लागणे ही त्यानंतरची पायरी. छोटासा सेन्सर ती कंपने सतत टिपतो आणि यंत्र बंद पडण्याआधी सुट्टीचा दिवस बघून दुरुस्ती करता येते.

वाहतुकीत मार्ग आखण्याचे काम चांगले होते. यूपीएस या अमेरिकी कुरिअर कंपनीचे चालक शक्यतो डावीकडे वळणे टाळतात. तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे डावीकडे वळायचे तर समोरची रहदारी थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवून उभे राहावे लागते. कंपनीचे मार्ग आखणारे सॉफ्टवेअर अशाच बारीकसारीक गोष्टी जोडत जाते.

फसवणूक ओळखण्याबद्दल मात्र सावध करायचे आहे. समजा १ लाख व्यवहारांत १०० खोटे आहेत. कोणी सांगितले, ‘आमची प्रणाली ९९ टक्के अचूक आहे’, म्हणजे ती १०० पैकी ९९ खोटे पकडते आणि खऱ्यांपैकी फक्त १ टक्का चुकून अडवते. ऐकायला उत्तम. पण खरे व्यवहार आहेत ९९,९०० आणि त्यांचा १ टक्का म्हणजे ९९९. एकूण इशारे झाले १,०९८ आणि त्यांत खोट्या व्यवहारांचे फक्त ९९. म्हणजे दर अकरा इशाऱ्यांमागे दहा प्रामाणिक माणसे. प्रणाली टाकाऊ आहे असे यातून ठरत नाही. इशारा आल्यावर लगेच खाते बंद करायचे की एक फोन करून विचारायचे, हे त्यावरून ठरवायचे. प्रामाणिक ग्राहकाला चोरासारखे वागवले तर तो परत येत नाही.

नवे तंत्रज्ञान

क्लाउड म्हणजे दुसऱ्याचे संगणक भाड्याने घेणे. सुरुवातीचा खर्च वाचतो. वापर संपल्यावर बंद करायचे राहिले तर भाडे चालूच राहते. तेव्हा बिलावर मर्यादेचा इशारा पहिल्याच दिवशी लावून घ्या. ब्लॉकचेन म्हणजे अनेकांकडे एकसारखी प्रत असलेली आणि मागाहून गुपचूप बदलता न येणारी नोंदवही. तिची गरज, एकमेकांवर विश्वास नसलेल्या अनेक पक्षांना एकच नोंदवही सांभाळायची असेल तर पडू शकते. स्वतःच्या व्यवसायाच्या नोंदींना साधा डेटाबेस पुरतो.

भाषा जाणणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून रोज विचारणा होते. एका कामासाठी आम्ही ती मनापासून सुचवतो: हजारो तक्रारी, चिठ्ठ्या, संदेश वाचून त्यांचे गट पाडणे. मोडक्या वाक्यांतून आणि दोन भाषांच्या मिश्रणातून ‘माल उशिरा आला’ आणि ‘माल फुटका आला’ हे वेगळे करणे पूर्वी अवघड होते, आता बरेच सोपे झाले आहे. मात्र ती चुकीचे उत्तरही तितक्याच सफाईने देते. बेरजा डेटाबेसकडूनच करून घ्याव्यात आणि पाडलेल्या गटांतल्या काही तक्रारी दर आठवड्याला माणसाने स्वतः वाचून पाहाव्यात.

एकदा बसवलेले गणित कायम चालेल असेही धरू नका. गूगलने २००८ मध्ये लोक काय शोधतात त्यावरून फ्लूच्या साथीचा अंदाज देणारी सेवा सुरू केली. ती सुरुवातीला गाजली. २०१२-१३ च्या हिवाळ्यात तिचे आकडे प्रत्यक्षापेक्षा फारच वर गेले आणि २०१५ मध्ये ती बंद झाली. लोकांच्या शोधण्याच्या सवयी बदलतात, तशा खरेदीच्याही. म्हणून दर महिन्याला आम्ही जुना अंदाज आणि खरा आकडा शेजारी शेजारी ठेवून तुम्हाला पाठवतो, आम्ही चुकलो असू तरीही.

ग्राहकांची माहिती ही ठेव आहे

नावे काढून टाकली की माहिती निनावी झाली, असा समज आहे. लतान्या स्वीनी या संशोधिकेने अमेरिकेच्या जनगणनेवरून दाखवले की पिन कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून तिथले सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात, म्हणजे नेमके ओळखता येऊ शकतात. म्हणून पूर्ण जन्मतारीख आम्ही मागत नाही, वयोगट पुरतो. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या कायद्यातही कामापुरतीच माहिती घ्यावी हे तत्त्व आहे. तो कायदा तुम्हाला लागू असो वा नसो, जी माहिती तुम्ही गोळाच केली नाही ती कोणी चोरू शकत नाही. काम संपल्यावर आमच्याकडची प्रत आम्ही पुसतो आणि तसे लेखी कळवतो.

भेटीला येताना

गेल्या तीन महिन्यांच्या नोंदी जशा आहेत तशाच आणा. आम्हाला दाखवायच्या म्हणून साफसूफ करू नका. कोऱ्या जागा, खाडाखोड, विचित्र आकडे यांतूनच आम्हाला बरेच कळते. ज्या निर्णयाशी तुम्ही अडता तो एका वाक्यात लिहून आणा. आणि शक्य असेल तर या नोंदी रोज भरणाऱ्या व्यक्तीला सोबत घेऊन या. फळी कोणत्या दिवशी रिकामी होती, ते तिला ठाऊक असते.