रीफ मत्स्यालयातील उपद्रवी शेवाळ व त्याचे नियंत्रण

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये प्रवाळ पाळताना खडक, वाळू, काच आणि पुढे प्रवाळांवरही शेवाळ माजणे, ही या छंदातली नेहमीची अडचण. टँक शेवाळमुक्त करणे हे मात्र नियंत्रणाचे उद्दिष्ट नव्हे. निरोगी प्रवाळभित्तीवरही शेवाळ उगवतच असते. ते उगवेल तसे खाल्ले जाते, म्हणून दिसत नाही. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रातले डायाडेमा जातीचे काळे, लांब काट्यांचे सागरी अर्चिन साथीत ९० टक्क्यांहून अधिक मेले. शेवाळ खाणारे मासे अतिमासेमारीमुळे आधीच विरळ झालेल्या जमैकात त्यानंतर प्रवाळांची जागा शेवाळाने घेतली. घरच्या टँकमध्येही पाण्याच्या रसायनाइतकेच चरणाऱ्या प्राण्यांना महत्त्व आहे, आणि नेमके तेच दुर्लक्षित राहते.

शेवाळाला प्रकाशाखेरीज नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. दोन्ही मुख्यतः माशांच्या खाद्यातून येतात. बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याच्या भरपाईसाठी नळाचे पाणी वापरल्यास त्यातूनही येतात, म्हणून आरओ-डीआय यंत्रातून (विरघळलेले क्षार काढून टाकणारे गाळणयंत्र) काढलेले पाणी वापरतात. चाचणी संचाचा आकडा इथे फसवतो. खडकावर हिरवे केस लोंबत असताना नायट्रेट व फॉस्फेट शून्य दिसू शकतात, कारण ते पाण्यात उतरताच शेवाळ शोषून घेते. शिवाय चुनखडीचा खडक आणि वाळू फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातले प्रमाण घटले की हळूहळू सोडतात. त्यामुळे खाद्य कमी करूनही कित्येक आठवडे फरक जाणवत नाही, आणि टँक पाळणारा धीर सोडून एकामागून एक औषधे ओतू लागतो.

उपाय ठरवण्याआधी ओळख पटवावी. नव्या टँकमधला तपकिरी, सहज पुसला जाणारा थर बहुधा डायॅटम या सिलिकेटी कवचाच्या सूक्ष्म शेवाळाचा असतो. पाण्यातले सिलिकेट संपले की तो आपोआप ओसरतो, त्याच्यामागे लागू नये. व्हॅलोनिया या शेवाळाचा चकचकीत हिरवा फुगा म्हणजे एकच पेशी. तो न फोडता बुडाशी नख घालून अख्खा उचलावा. एमराल्ड खेकडा हे फुगे खातो. लालसर-जांभळी, बुळबुळीत चादर म्हणजे सायनोबॅक्टेरिया. ते खरे शेवाळ नव्हे, आणि त्यातल्या काही जाती विरघळलेला नायट्रोजन वायू वापरू शकत असल्याने नुसते नायट्रेट घटवून भागत नाही. प्रतिजैविकाने चादर जाते, पण मरणाऱ्या थरामुळे पाण्यातला ऑक्सिजन खाली येतो. हवेचा पंप चालू ठेवल्याशिवाय तो प्रयोग करू नये.

केसाळ हिरव्या शेवाळावर हाताच्या कामाला तोड नाही. सुटा होणारा खडक टँकमधल्याच पाण्याच्या बादलीत धरून जुन्या टूथब्रशने घासावा. न सुटणाऱ्या खडकावरचे झुबके बोटांनी उपटत शेजारीच सायफनची नळी धरावी, म्हणजे तुटलेले धागे इतरत्र रुजत नाहीत. उपटलेल्या प्रत्येक झुबक्याबरोबर त्याने शोषलेले नायट्रोजन-फॉस्फरसही बाहेर जाते. लांब केस गोगलगायी सहसा खात नाहीत. आखूड केल्यावर टर्बो व ट्रोकस गोगलगायी, अर्चिन आणि जागा मोठी असल्यास टँग हे शेवाळ खाणारे मासे पुढचे काम करतात. ब्रायॉप्सिस या पिसासारख्या हिरव्या शेवाळाला हे प्राणीही फारसे शिवत नाहीत. त्यावर फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध चालते. त्या काळात पाणी गाळणारा सक्रिय कार्बन काढून ठेवतात, नाहीतर तो औषधच शोषून घेतो.

पुढची शिस्त कायमची आहे. प्रोटीन स्किमर हे फेस काढणारे यंत्र विष्ठा व उरलेले अन्न कुजण्याआधीच फेसातून काढते. रेफ्युजियममध्ये, म्हणजे मुख्य टँकला जोडलेल्या वेगळ्या कप्प्यात, केटोमॉर्फा हे निरुपद्रवी शेवाळ वाढवून ते नियमित छाटतात. तिथला दिवा मुख्य टँक अंधारात असताना लावला, तर रात्री पीएच फार घसरत नाही. लोह-ऑक्साइडचे दाणे फॉस्फेट झपाट्याने शोषतात, पण ते एकदम भरपूर घातल्यास प्रवाळांना धक्का बसतो.

फॉस्फेट शून्यावर नेण्याचा हट्ट तर सर्वांत महागात पडतो. नायट्रेट आणि फॉस्फेट संपलेल्या टँकमध्ये डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो) हे एकपेशीय सूक्ष्मजीव माजतात: हवेचे बुडबुडे अडकलेले, शेंबडासारखे तपकिरी तंतू, रात्री विरळ आणि दुपारी पुन्हा दाट. शंका असल्यास थोडा नमुना बाटलीत जोराने हलवून गाळणकागदातून गाळावा आणि गाळलेले पाणी प्रकाशात ठेवावे. तासाभरात पुन्हा तंतू जमले तर ते बहुधा डायनोच. ऑस्ट्रिऑप्सिससारख्या विषारी जाती खाऊन गोगलगायी मरतात. इथे उपाय उलटा असतो: नायट्रेट लिटरला साधारण २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम यांदरम्यान राहील इतके मुद्दाम घालतात. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगतो, म्हणून पाणी ज्याच्यासमोरून फिरवतात त्या अतिनील दिव्याला तो सापडतो. वाळूतच राहणारा अँफिडिनियम हा दुसरा डायनो त्या दिव्यापर्यंत पोहोचत नाही. त्याच्यासाठी सिलिकेट घालून डायॅटम वाढवतात, म्हणजे वाळूवरची जागा ते व्यापतात.