पाठमोरा नायक

‘वन्स अपॉन अ टाइम इन हॉलिवूड’ या सिनेमात दिसते ती उतरणीला लागलेला नट आणि त्याच्या वाटचा मार खाणारा स्टंटमन मित्र ही जोडी आपण हॉलिवूडची समजतो. सांगलीकरांनी मात्र तिचं मूळ घराजवळ शोधायला हरकत नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. त्या खेळांत पदं म्हणायला सूत्रधार होता, पण लोक वाट बघायचे ती राक्षसांची. राळेचा भडका उडाला की तलवारी परजत, आरोळ्या ठोकत राक्षसपार्टी रंगमंचावर घुसायची. अंगातली रग हेच त्यांचं भांडवल. १८८० साली किर्लोस्करांचं संगीत ‘शाकुंतल’ आलं, गळ्याला भाव चढला आणि ही मंडळी मागे पडत गेली. गाता येणाऱ्या नटाला नव्या नाटकात जागा होती. राक्षसाला कोण विचारतो?

पन्नास वर्षांनी सिनेमात हाच प्रकार झाला, आणि या वेळी फटका थेट नायकाला बसला. मास्टर विठ्ठल हे कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत, बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. पुढे मुंबईच्या शारदा कंपनीच्या मूकपटांत त्यांच्या तलवारीने असा काही धुमाकूळ घातला की लोक त्यांना भारताचे डग्लस फेअरबँक्स (हॉलिवूडचे तलवारबाज नायक) म्हणू लागले. मारामारीच्या मूकपटांतले सर्वांत महागडे नट तेच. पहिल्या भारतीय बोलपटासाठी त्यांनी शारदा सोडली, तेव्हा कंपनीने करारभंगाचा दावा ठोकला आणि विठ्ठल यांचं वकीलपत्र घेतलं महंमद अली जिनांनी. खटला जिंकला. पण १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागला, तेव्हा त्यांची संवादफेक जमेना म्हणून नायकाला बराच वेळ गुंगीतच ठेवलं होतं, असं सांगतात. देशभर गाजावाजा झालेल्या बोलपटाचा नायक, आणि त्याला बोलता येऊ नये! नंतर ते मराठीत परतले, भालजी पेंढारकरांच्या ऐतिहासिक पटांत तलवार पुन्हा चालली, पण तो दिमाख आला नाही. १९६९ साली ते गेले.

बरं, गळा असूनही सगळ्यांचं भागलं असं नाही. बोलपटाच्या लाटेत सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याच्या बालगंधर्वांची नाटक कंपनीही डबघाईला आली, आणि स्त्रीभूमिकांच्या या बादशहाला १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त पुरुषवेषात एकनाथ व्हावं लागलं.

अमेरिकेत असाच बदल टीव्हीमुळे आला. १९५९ च्या सुमारास तिथे संध्याकाळच्या वेळात पंचवीसहून जास्त वेस्टर्न, म्हणजे काउबॉयच्या, मालिका चालू होत्या. एकेका मालिकेत आठवड्याला घोडे, गोळीबार, पडझड, म्हणजे फायटरला बारमाही काम. नायकाशी उंची-बांधा जुळला की वर्षानुवर्षं एकाच नटाची पाठ बनून राहायचं. मग प्रेक्षक उबगले, १९७० नंतर या मालिका ओसरल्या आणि नट व त्याच्या जागी धोक्याची कामं करणारा डुप्लिकेट, दोघांच्याही पोटावर पाय आला. अशाच एका मालिकेतला नट क्लिंट ईस्टवूड १९६४ सालीच इटलीत जाऊन तिथल्या वेस्टर्न सिनेमांत तरला. सगळ्यांना ते साधलं नाही.

या सगळ्यांत हॉलिवूडचा नट बर्ट रेनॉल्ड्स आणि हॅल नीडहॅम यांची गोष्ट मला सर्वांत सरस वाटते. नीडहॅम रेनॉल्ड्सचा डुप्लिकेट, आणि तब्बल बारा वर्षं त्याच्याच आवारातल्या पाहुण्यांच्या घरात मुक्काम. एरवी नट बुडाला की डुप्लिकेट आधी बुडतो. इथे नीडहॅमने स्वतः एक कथा लिहिली, मित्राने भूमिका घेतली, दिग्दर्शन नीडहॅमचं. १९७७ सालचा तो सिनेमा, ‘स्मोकी अँड द बँडिट’, अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’च्या खालोखाल चालला.

आपल्याकडे डुप्लिकेट बघायचा तर वाईला जावं. रिकामे पुठ्ठ्याचे खोके थरावर थर रचायचे, वर गाद्या टाकायच्या. पडणाऱ्याच्या वजनाने खोके दबत जातात आणि धक्का जिरतो. कपडे नायकाचेच, दोन जोड शिवलेले. अट एकच, तोंड कॅमेऱ्याकडे वळता कामा नये. गंमत म्हणजे वाई स्वतःच डुप्लिकेट आहे. ‘गंगाजल’मध्ये ती बिहार झाली, ‘दबंग’मध्ये उत्तर प्रदेश; ‘स्वदेस’मध्ये शेजारच्या मेणवलीचा नाना फडणवीसांचा घाट उत्तरेकडचं चरणपूर म्हणून खपला. कृष्णामाईचं नाव कुठेच नाही.

मानसन्मानाचं म्हणाल तर ‘वन्स अपॉन अ टाइम इन हॉलिवूड’मध्ये स्टंटमनची भूमिका केल्याबद्दल ब्रॅड पिटला २०२० साली ऑस्कर मिळालं. खऱ्या स्टंटकामाला वेगळं ऑस्कर द्यायचं ठरलं ते २०२५ मध्ये, तेही २०२७ च्या चित्रपटांपासून. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत हा विभाग २०१७ सालीच आला. पुरस्कार मारामारी बसवणाऱ्या फाइट मास्टरच्या नावे असतो. खोक्यांवर पडणाऱ्याला दिवसाची हजेरी आणि उडी बघून वरचे पैसे.