जनगणनेवरून गावांची तुलना (ग्रामीण विदर्भ)

जनगणनेचे गावनिहाय आकडे घेऊन गावे, तालुके किंवा जिल्हे एकमेकांशी ताडून पाहण्याची पद्धत. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा करताना आणि योजनांसाठी गावे निवडताना ती वापरतात. हाताशी असलेली शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची झालीच नाही, आणि पुढचीचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे.

मुख्य साधन म्हणजे जिल्हा जनगणना पुस्तिका. तिच्या ग्रामनिर्देशिकेत शाळा, दवाखाना, रस्ता, पाणी यांची नोंद असते. सोय गावात नसेल तर ती पाच किलोमीटरच्या आत आहे, पाच ते दहाच्या दरम्यान आहे की त्याहून लांब, एवढेच कळते. प्राथमिक गोषवाऱ्यात लोकसंख्या, सहा वर्षांपर्यंतची मुले, साक्षर, अनुसूचित जाती-जमाती आणि शेतकरी, शेतमजूर असे कामाचे प्रकार येतात.

हे सगळे आकडे मौजानिहाय, म्हणजे महसुली गावानुसार असतात, आणि तुलना बहुतेकदा इथेच घसरते. पटवाऱ्याच्या दप्तरातला मौजा आणि लोक ज्याला गाव म्हणतात ती वस्ती एकच असेल असे नाही. यवतमाळ जिल्ह्यात कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे त्यांची वस्ती, मुख्य गावापासून दूर असते, पण गणती मौजाच्या नावावर होते. समजा, मौजात ९०० माणसे आहेत आणि त्यातली ११० पोडावर. गावातल्या नळांमुळे पाण्याची टक्केवारी चांगली दिसते. पोडावरच्या बाया नाल्यातल्या झिऱ्यावरून पाणी आणतात, ते त्या टक्केवारीत दिसत नाही. उलट, माणूस नसलेली रिठी गावे यादीत कायम असतात. ती मोजून तालुक्याची ‘सरासरी गावलोकसंख्या’ काढली, तर ती उगाच खाली येते. गट ग्रामपंचायतीत अनेक मौजे असल्याने तिचे आकडे बेरीज करूनच मिळवावे लागतात. बुद्रुक आणि खुर्द यांची अदलाबदल टाळायची तर नावावर न जाता गावाचा जनगणना संकेतांक जुळवावा.

गणती कधी झाली, हेही पाहावे लागते. २०११ ची गणती ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. मेळघाटातले कोरकू आदिवासी कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला परततात. त्या वर्षी होळी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात होती. गणतीच्या पूर्ण काळात बाहेर असलेला माणूस जिथे सापडेल तिथे मोजला जातो. त्यामुळे अशा गावाची कमी लोकसंख्या म्हणजे गाव ओसाड पडते आहे, असा अर्थ काढणे घाईचे ठरते.

एकाच निर्देशकावर भिस्त ठेवली तर काय होते, ते बुलढाण्यात दिसते. तिथले २०११ चे एकूण लिंगगुणोत्तर, म्हणजे दर हजार पुरुषांमागे स्त्रिया, ९३४; म्हणजे राज्याच्या ९२९ पेक्षा बरे. पण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुली ८५५, तर राज्यात ८९४. गडचिरोलीत हाच आकडा ९६१. एकूण गुणोत्तर स्थलांतराने आणि वयोमानाने हलते. मुलींची परिस्थिती जाणायची तर बालगुणोत्तरच बघावे. मात्र हे जिल्ह्यापुरते खरे. ज्या मौजात सहा वर्षांपर्यंतची मुले ४० आहेत, तिथे २२ मुलगे आणि १८ मुली असल्या तर गुणोत्तर ८१८ येते, वीस-वीस असले तर १०००. दोन मुलांच्या फरकावर गावाला नावे ठेवणे बरोबर नाही. लहान गावांचे आकडे एकत्र करून वाचावेत.

काळाच्या तुलनेत सीमा आडव्या येतात. वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला, तेव्हा १९९१ च्या भंडाऱ्याशी २००१ चा भंडारा ताडता येत नाही; गोंदियासह बेरीज घ्यावी लागते. गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रातल्या गावांचे पुनर्वसन झाल्याने तिथे जुने नाव नव्या जागेवर भेटते. घुग्घुससारखी कोळसापट्ट्यातली गावे २०११ मध्ये ‘जनगणना नगरे’ म्हणून, म्हणजे नगरपालिका नसतानाही, शहरी भागात धरली गेली. नंतर तालुक्याची अनेक ठिकाणे नगरपंचायती झाली. अशा वेळी ‘ग्रामीण’ आकडा घटला तरी माणसे गेली असे होत नाही. ती शहरी रकान्यात मोजली जातात.