इटालियन क्रियापदांतला हलता जोर

'कापितानो' हा इटालियन शब्द चार अक्षरांचा आहे. येथे अक्षर म्हणजे लिपीतले चिन्ह नव्हे, तर एका स्वराभोवती जमलेला उच्चाराचा तुकडा. 'ता'वर आघात दिला तर त्याचा अर्थ कप्तान, पहिल्या 'का'वर दिला तर 'घडतात' आणि शेवटच्या 'नो'वर दिला तर 'त्याने नेतृत्व केले'. यांतल्या शेवटच्या रूपातच आघाताचे चिन्ह लिहिणे बंधनकारक आहे; इतर दोन्ही रूपे एरवी सारखीच लिहितात आणि वाचकाने ती संदर्भावरून ओळखायची असतात.

या आघाताची मुळे लॅटिनमध्ये आहेत. लॅटिनमध्ये शेवटून दुसरे अक्षर गुरू असेल तर आघात त्याच्यावर येई, लघु असेल तर तो एक घर मागे, शेवटून तिसऱ्यावर जाई. वृत्तांचे लघु-गुरू मोजलेल्या मराठी वाचकाला हा हिशेब अनोळखी वाटू नये. पुढे स्वरांची ऱ्हस्व-दीर्घता विस्कटली, तरी आघात बहुधा होता तेथेच राहिला. म्हणूनच 'वेदेरे' (पाहणे) आणि 'स्क्रीवेरे' (लिहिणे) यांचे शेवट आज सारखे दिसत असले, तरी पहिल्यात 'दे'वर आणि दुसऱ्यात 'स्क्री'वर जोर पडतो.

आघातानंतरची अक्षरे मात्र कधी गळली, कधी वाढली. 'त्याने गायिले' या अर्थाच्या लॅटिन 'कान्तावित्'चा शेवट झिजून 'कान्तो' झाले आणि आघात आपोआप अंत्याक्षरावर आला. उलट 'हाबितान्त्' (ते राहतात) या रूपाला 'नो' जोडले जाऊन 'आबितानो' झाले. पहिल्या अक्षरावरचा आघात त्यामुळे शेवटून चौथा ठरला. इटालियन शिकणारा येथे हमखास 'ता'वर जोर देऊन फसतो.

अक्षर कोठे तुटते यालाही तेवढेच महत्त्व आहे. लॅटिनमधला ऱ्हस्व 'ए' आघातयुक्त आणि स्वरान्त अक्षरात असला, तर इटालियनमध्ये सामान्यतः त्याचा 'इए' होतो. 'धरणे' या क्रियापदाची रूपे पाहावीत. 'त्ये-ने' (तो धरतो) मध्ये दोन्ही अटी पुऱ्या होतात. 'तेन्-गो' (मी धरतो) मध्ये आघात आहे, पण अक्षर 'न्'ने बंद झाले आहे. 'ते-न्या-मो' (आम्ही धरतो) मध्ये अक्षर मोकळे आहे, पण आघात पुढे सरकला आहे. पाठ्यपुस्तके अशा रूपांना अनियमित म्हणून मोकळी होतात, हे मला पटत नाही.

एक गाठ मात्र लेखननियमाने मारून ठेवली आहे. ओळीच्या शेवटी शब्द तोडताना 'स' पुढच्या व्यंजनाबरोबर जातो, म्हणून 'वेस्तो' (मी कपडे चढवतो) हा शब्द 'वे-स्तो' असा तोडतात. तसे पाहता 'वे' स्वरान्त आहे, त्यावर आघातही आहे आणि मूळचा 'ए' ऱ्हस्वच होता. तरीही 'व्येस्तो' असे रूप झाले नाही, कारण उच्चारात तो 'स्' मागच्या अक्षरालाच बंद करतो.